टॉवर नको, बूस्टर चालेल

गोव्यात आमोण्यापासून पेडण्यापर्यंत कुठल्याही ग्रामसभेत ‘मोबाइल टॉवर’ एवढेच शब्द उच्चारून बघा. खुर्च्या सरकतात, आवाज चढतात, ठराव होतो : टॉवर नको!

सभा संपते. बाहेर येऊन तीच मंडळी हात उंच करून फोन फिरवतात. रेंज नाही हो!

लहरींची भीती आहे? असू द्या. १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची आपल्याकडची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. विश्वास नसेल तर सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर ४,००० रुपये भरा आणि टॉवरची मोजणी करून घ्या. पण एवढे पैसे कोण घालणार?

ठराव फुकटात होतो.

खरी गंमत पुढेच. टॉवर जितका लांब, तितका फोन जास्त जोर लावतो. गावाबाहेर हाकललेल्या लहरी कानाला येऊन चिकटल्या.

मग येतो रेंज वाढवणारा बूस्टर. ऑनलाइन मागवायचा, एक अँटेना कौलांवर, दुसरी हॉलमध्ये. परवाना? तो काय असतो? विनापरवाना वायरलेस यंत्र बाळगू नये, हे १९३३ पासून कायद्यात आहे. पण बूस्टर म्हणजे ट्रान्समीटर, हे खोक्यावर कुठे छापलेय!

दोन्ही अँटेना जवळ आल्या की भजनाच्या माइकसारखी शिट्टी सुरू. ही शिट्टी आपल्याला ऐकू येत नाही, टॉवरला येते. त्या गोंगाटात अख्ख्या वाड्याचे फोन बुडतात. तुमच्याकडे पाच काड्या, शेजाऱ्याकडे शून्य.

शेजारी काय करतो? तोही बूस्टर आणतो.

ऐकू येणाऱ्या गोंगाटाचे बरे असते. मोरजीत रात्री दहानंतर कर्णा वाजला तर निदान पोलिसांना फोन करता येतो. रेंज असली तर.

लपवलेला ट्रान्समीटर गोव्याला नवा नाही म्हणा. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी मुक्तिलढ्याचे गुप्त रेडिओ केंद्र सुरू केले आणि पुढे १९६१ पर्यंत पोर्तुगीजांची झोप उडवली.

आपण आपल्या लपवलेल्या बूस्टरवर आयपीएल बघतो.

दूरसंचार खात्याच्या वायरलेस मॉनिटरिंगवाल्यांकडे दिशा हुडकणाऱ्या गाड्या आहेत. एखादी गाडी डोक्यावर अँटेना मिरवत वाड्यावर शिरली तर? पाच मिनिटांत गाव गोळा होईल : टॉवरवाले आले, घालवा त्यांना!

आणि त्याचे फेसबुक लाइव्हही होईल. बूस्टरच्या रेंजवर.