रा. रा. रॅम्पसाहेब यांस

मुक्काम सोनपेठ, जि. परभणी. एका कार्यालयाच्या पायऱ्यांची डावी कड.

सा. न. वि. वि.

आज एक अर्जदार हयातीचा दाखला द्यायला आपल्या दारी आला. जिवंत असल्याची खात्री पटवायला आलेल्या माणसाला आपण जवळजवळ उताणाच पाडलात, म्हणून हा पत्रप्रपंच.

शेजारच्या तीन पायऱ्या मिळून दीड फूट उंच. नियम १:१२ चा, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. आपण अठरा फूट असायला हवे होतात, आहात सहा. अर्जदार ६० किलोचा, त्याची घडीची चाकखुर्ची २० ची. नियमातल्या उतारावर त्याला साडेसहा-सात किलोंचा जोर पुरला असता. आपल्या अंगावर जवळजवळ वीस किलोंचा लागतो, आणि तो मांड्यांनी नव्हे, खांद्यांनी लावायचा. पायरीवर माणूस दम तरी खातो. इथे पुढची पकड घ्यायला हात रिमवरून सुटला, की खुर्ची मागे येते. ताठ बसून रेटा दिला, तर पुढची लहान चाकं हवेत उठतात.

अर्जदाराची उठली.

फरशी गुळगुळीत, कठडा एकाच बाजूला, पायथ्याशी कुणाची तरी मोटारसायकल. त्याबद्दल तक्रार नाही.

शेवटी दोघांनी खुर्चीसकट उचललं. “मामा, उचलूनच घेतो की, कशाला ताकद लावता?” उपकारच झाले त्यांचे. पण उचलूनच न्यायचं, तर आपल्यावर सिमेंट कशाला घातलं? फाइलीत ‘रॅम्प : आहे’ लिहायला? दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्येच सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतूरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की नुसत्या शिफारशी पुरत नाहीत, सक्ती हवी. इथे अजून टेपसुद्धा पोचलेली नाही!

आपला तरी काय दोष, साहेब? भिंतीच्या कडेने आडवं नेलं असतं, तर आपणही अठरा फूट झाला असतात. पण मिस्त्रीला कुणी तरी सांगितलं असणार, “कडेला थोडा उतार काढून दे.” उरल्यासुरल्या मालात, पायरी आणि नाली यांच्यात कोंबलं आपल्याला. वर शिव्याही आपणच खायच्या.

दाखला जमा झाला. अर्जदार हयात आहे, तसा शिक्काही बसला. आता उतरायचंय. तोच वीस किलोंचा जोर, या खेपेला तळहातांनी रिम आवळून रोखायचा. मोटारसायकल अजून तिथेच आहे.

आपला,
अर्जदार (हयात)