नखाखालची कळ

"अहो वहिनी, या जरा कुंपणाशी. ती जास्वंदीची फांदी सारा बाजूला. परवा विचारत होतात ना, आमच्या वन्सं एवढ्या खुशीत कशा? बोट बरं झालं त्यांचं!"

"म्हणजे त्यांचं बोट खरंच दुखत होतं?"

"बघा, तुम्हालाही शंका! किती वर्षं नळाच्या गार पाण्याला हात लावायची चोरी. फ्रीजमधून दुधाची पिशवी काढली तरी कोपरापर्यंत कळ. थंडीत बोट पदरात गुंडाळून बसायच्या. आणि त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, भांडी पडली की बरी हिच्या बोटात कळ येते!"

"अगंबाई!"

"बाहेरून काही दिसायचं नाही हो. ना सूज, ना लाली. मग ज्याने त्याने आपापलं निदान केलं. एकाने मानेचा मणका सांगितला, घातला गळ्यात पट्टा. दुसऱ्याने संधिवात. शेजारणीने नखुरडं म्हणून बोटाला लिंबू बसवलं. शेवटी एका डॉक्टरांनी यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं, मनाचं आहे, या वयात बायकांना होतं असं. असा संताप आला मला! या वयात बायकांना होतं हे खरंच आहे. हे दुखणं तिशी ते पन्नाशीच्या बायकांच्या बोटातच जास्त सापडतं. पण ते मनात नसतं, नखाखाली असतं."

"मग कळलं कसं?"

"टाचणीने! स्किनच्या डॉक्टर बाई आहेत एक. त्यांनी आधी नेलपॉलिश पुसायला लावलं. खाली नख जरासं निळसर, वर उभी चीर. मग टाचणीच्या डोक्याने नखावर जागोजागी दाबत गेल्या. इथे दुखतं? नाही. इथे? नाही. आणि एका जागी दाबलं मात्र, वन्सं खुर्चीतून उठल्याच. केसभर बाजूला दाबलं तर काही नाही! मग हात वर धरून दंडाला बीपीचा पट्टा आवळला, बोटाचं रक्त थांबवलं आणि पुन्हा तिथेच टाचणी. दुखेना."

"चमत्कारच म्हणायचा."

"कसला चमत्कार! बोटाच्या टोकाला शुद्ध आणि अशुद्ध रक्तवाहिन्या थेट जोडणारी बारीक वेटोळी असतात. गारठा-उष्मा बघून ती रक्त कमीजास्त सोडतात. त्यातल्या एकाची गाठ झालेली. ग्लोमस ट्यूमर. एमआरआयमध्ये दिसली, मोहरीएवढी."

"बाई गं, ट्यूमर!"

"शब्दाला भिऊ नका. ही गाठ बहुतेक वेळा साधीच असते, कॅन्सरची नव्हे. मासों नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1924 सालीच तिचं वर्णन लिहून ठेवलंय, आणि आम्ही लिंबू बसवतोय! बोटाच्या मुळाशी सुई देऊन बधिर केलं, नख उचललं, गाठ काढली. पूर्ण निघायला हवी मात्र, कण राहिला तर पुन्हा होते. त्याच दिवशी घरी. नख यायला सहाएक महिने लागतील, पण परवा गार पाण्यात पालेभाजी धूत होत्या, मुद्दाम सासूबाईंसमोर."

"वहिनी, ऐका ना. माझ्या या अंगठ्याच्या नखावर काळी रेघ आलीये. पॉलिशखाली झाकते मी. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू का?"

"कॅल्शियम! नखावर पांढरा ठिपका दिसला तरी आपल्याकडे कॅल्शियम. तो बहुधा नखाला कुठे मार लागल्याचा असतो. बाकीच्या नखांवर आहे का रेघ?"

"नाही, एवढ्याच."

"सावळ्या माणसांच्या चार-दोन नखांवर अशा रेघा असल्या तर सहसा बिघडत नाही. पण एकाच नखावर, मोठेपणी नव्याने आलेली, रुंद होत चाललेली असेल, काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला असेल, तर तुकडा काढून तपासतात. तिथे मात्र कॅन्सर नाही ना, हे बघावंच लागतं. रुंद झालीये?"

"झाली असेल. नीट बघितलं नाही मी."

"मग मेडिकलमधून बुरशीचं मलम आणून चोळत बसू नका. बुरशी आहे की नाही, तेसुद्धा नख खरवडून तपासल्यावर कळतं. उद्या सकाळी त्या बाईंकडे तुमचा नंबर लावते. आज रात्री पॉलिश पुसून ठेवा, पायाचंसुद्धा."

"पायाचं कशाला?"

"वीसच्या वीस बघतात त्या. आणि यजमानांना बाहेर बसवतात."