गुरुजींच्या अग्निविटा

केज तालुक्यातल्या एका गावात एका निवृत्त गुरुजींच्या घरची चूल खचली, तेव्हा घरात गॅस होता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर शहरातल्या वाचकाला उगाच कळवळा येतो. १४.२ किलोची टाकी होती, शेगडी होती, लायटरसुद्धा होता. पण गॅसवरची ज्वारीची भाकर काविळीच्या माणसासारखी दिसते, असं गुरुजींच्या आईचं म्हणणं. तिला सारं गाव ‘माय’ म्हणतं. त्यामुळे गॅस पाहुण्यांच्या चहाला, आणि भाकरी व अंघोळीचं पाणी परसातल्या चुलीवर.

चुलीच्या दोन्ही अंगांना साध्या लाल विटा, वर मातीचा लेप, बाजूला वैल. उजव्या अंगाची वीट आतून इतकी भुसभुशीत झाली होती की बोट लावलं तरी पापुद्रा निघायचा. एका सकाळी पातेलं कललं आणि अर्धं वरण विस्तवात गेलं.

“आरं, पोतंभर माती आण. सांजच्याला बसवते,” माय म्हणाली.

तीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलेल्या माणसाला इतकं सोपं उत्तर कसं पटावं? गुरुजींनी वही काढली. चुलीत उष्णता फार, साधी वीट ती सोसत नाही, म्हणून अग्निवीट हवी, असा तीन पायऱ्यांचा सिद्धांत त्यांनी मांडला. मधली पायरी चुकीची होती. लाल वीट हजारेक अंशांत भाजूनच निघालेली असते. चुलीतल्या पऱ्हाट्या नि तुराट्या तिचं काय वाकडं करणार? ती मरते पाण्यानं. लालबुंद विटेवर आमटी उतू गेली की तिला तडा जातो. पंढरपूरची वीट अठ्ठावीस युगं टिकली, त्यामागे देवाचं माहात्म्य आहेच. पण तिच्यावर कुणी आमटी उतू जाऊ दिली नाही, हेही खरं.

शेजाऱ्यानं परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेपासून केलेल्या विटा सुचवल्या होत्या. राखेला पुन्हा चुलीत घालणं गुरुजींना बरं वाटलं नाही.

शेवटी छत्रपती संभाजीनगरहून बारा अग्निविटा आल्या. नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद, तीन इंच जाड. एकेक चार किलोच्या आसपास. त्या एसटीनं आल्या. पोतं उचलताना कंडक्टरनं विचारलं, “यात काय?” गुरुजी म्हणाले, “विटा.” कंडक्टरनं एकदा पोत्याकडं, एकदा गुरुजींकडं पाहिलं. “बीड जिल्ह्यात संपल्या का काय?” बीड, मांजरसुंबा करत गाडी केजला पोचेपर्यंत सगळ्या प्रवाशांना गुरुजींच्या चुलीची माहिती झाली होती.

गवंड्यानं त्या सिमेंटमध्ये पक्क्या बसवल्या. “गुर्जी, आता नातवाच्या लग्नापस्तोर बघायची गरज न्हाई.” तिसऱ्या दिवशी सांधे उकलले. सिमेंट धरतं ते पाण्याच्या जोरावर, आणि तीन-चारशे अंशांपुढं तेच पाणी उडू लागतं. अग्निविटांना त्यांच्याच जातीची भाजणीची माती लागते, तीही अगदी पातळ. गुरुजी पुन्हा संभाजीनगरला गेले. कंडक्टर तोच होता.

या वेळी काम झकास झालं. एक सांधा हलला नाही. फक्त भाकर होईना.

जाळ रसरसत होता, तवा मात्र थंडगार. अठ्ठेचाळीस किलोच्या विटा आधी स्वतः तापणार, मग उरलं तर तव्याला देणार. पावाच्या भट्टीला हाच गुण लागतो: ती आधी तासन्‌तास तापवायची, विस्तव बाजूला सारायचा आणि विटांनी साठवलेल्या उष्णतेवर पाव भाजायचे. मायला पहाटे आठ भाकरी करायच्या होत्या. “भाकर फुगंना गेली,” ती म्हणाली, “आन् समदं उरकल्यावर दुपारपस्तोर चूल ऊन. मांजरीची सोय केली व्हय रं?” मांजर खरोखरच तिथं झोपू लागली होती.

त्याच सुमाराला शेजारची बाई ऊसतोडीहून परतली. नवराबायको मिळून तिकडे एक ‘कोयता’ होतो. दिवाळीच्या सुमारास निघायचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचं आणि फड बदलला की कोपीही हलवायची. ती चुलीभोवती एक फेरी मारून म्हणाली, “गुर्जी, आमी तीन धोंड्यांवर सहा म्हैने काढले की.” गुरुजींनी वही मिटली.

मग मायनं कामाला हात घातला. पडक्या माळवदाची पांढरी माती आणवली. काळी नाही, ती वाळताना भेगाळते. काळी पिकवायला, पांढरी राहायला, हे मायला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. माती चाळली, त्यात गव्हाचा भुसा आणि शेण घालून रातभर भिजत ठेवली, सकाळी पायानं तुडवली. भुसा जळून जातो, मातीत बारीक पोकळ्या राहतात, त्यांत हवा कोंडते आणि उष्णता भिंतीत न मुरता तव्याला लागते. कारखान्यातही वजनाला हलक्या, उष्णता अडवणाऱ्या अग्निविटा करताना मातीत लाकडाचा भुसा मिसळतात. हा तपशील गुरुजींना नंतर सापडला. तो त्यांनी वहीत लिहिला, पण मायला वाचून दाखवला नाही.

चार दिवस चूल सावलीत वाळली. पाचव्या दिवशी तिच्यावर आधी दूध उतू घालवलं. आमटीला बंदी, दुधाला मान. पहिलीच भाकर टम्म फुगली.

बारा अग्निविटांपैकी चार रांजणाखाली आहेत, दोन दाराला अडसर म्हणून, पाच गवंडी घेऊन गेला. बारावी माय चुलीपुढं बसायला घेते. थंडीत ती ऊन राहते, अशी तिची एवढीच तारीफ.