फुल तिकीट

बीडच्या स्टँडवर परळीची गाडी लागली. रुमाल टाकून मी पाच जागा धरल्या, त्यातल्या तीन मिळाल्या. वडवणी रोडला लागल्यावर कंडक्टर आला.

"किती?"

"पाच."

त्यानं आमच्यावरून नजर फिरवली. माझी माय, वय चौऱ्याऐंशी : फुकट. बायको : हाफ. नगरहून आलेली बहीण : हाफ. नातू, चार वर्षांचा : फुकट. नजर माझ्यावर येऊन थांबली. पिकल्या मिशा पाहून त्याला आशा वाटली असावी.

"काका, तुमचं हाफ का?"

मी आधार कार्ड दाखवलं. त्यानं जन्मतारीख वाचली आणि हळहळत मशीनचं बटण दाबलं. "दोन वर्षं ऱ्हायली की! फुल एक."

एसटीत २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट झाला. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. पासष्ट ते पंचाहत्तर, अर्धं. पाच वर्षांखालचं पोर, काहीच नाही. मग २५ जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. आमच्या घरात ती वाढ पुरती सोसणारा माणूस एकच. मायला तर भाडं वाढल्याचंच ठाऊक नव्हतं. शून्य रुपयांचं तिकीट ती घडी घालून कमरेच्या पिशवीत जपून ठेवते, आणि उतरताना मला विचारते, "तुला केवढ्याला पडलं?"

बीडबाहेर खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात बांधलेली. ना मोट, ना मोटार. पाणी आपलं आपण पाटानं शेतात जातं. दुष्काळ असो की अतिवृष्टी, विहिरीचं पाणी हटत नाही अशी तिची ख्याती. आमच्या घरच्यांनी माझं पाकीट याच बांधणीचं आहे असं धरलेलं आहे. फरक एवढाच, की विहिरीला झरे आहेत आणि मला पेन्शन.

तेलगावला गाडी थांबली. फुकट आणि हाफवाल्यांना भूक लवकर लागते असा माझा अनुभव आहे. पोहे, भजे, नातवाला बिस्किटाचा पुडा. मी काटकसरीनं "तीनात चार" चहा सांगितला. टपरीवाल्यानं तीनात पाच केला आणि वर म्हणाला, "आज्जीचे पैसे नको." माय तिथंही फुकट! पुढं सिरसाळ्यापर्यंत ती एकच गोष्ट सांगत राहिली : माणसाला मान असला की पैसा लागत नाही.

बहीण नगरहून नव्या रेल्वेनं आली होती. तीन पिढ्यांनी निवडणुकीच्या सभेत ऐकलेली ती रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिदिनीच, बीडला पोचली. बहीण तिचं कौतुक सांगत होती, तशी माय म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला किती पडतं?" रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्येच बंद केलेली. म्हणजे रेल्वेत मायही फुल, बहीणही फुल. मला क्षणभर त्या गाडीबद्दल फार जिव्हाळा वाटला. माय मात्र म्हणाली, "असू दे बाई. ही फुकट न्यायला लागली असताना पैसे देऊन कशाला बसावं?" पन्नासेक वर्षांची मागणी तिनं एका वाक्यात निकालात काढली.

परळीत वैजनाथाचं दर्शन छान झालं. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं मंदिर, प्रशस्त दगडी पायऱ्या. देवानं काही मागितलं नाही. खर्च पायऱ्यांच्या खाली होता. बेल, फुलं, नारळ, चपला सांभाळण्याचे, नातवाची पिपाणी, आणि ती पहिल्या दहा मिनिटांत मोडल्यावर दुसरी पिपाणी.

मग बायका बांगड्यांच्या दुकानात बसल्या. बहिणीचा मुलगा मागं कंपनीच्या कामानं चीनमध्ये ग्वांगझूला जाऊन आला. त्याचं सांगणं बहिणीनं आम्हाला सांगितलं : तिथं दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून पुढं करतो, गिऱ्हाईक तो पुसून आपला टाकतं, असं चारदा झालं की सौदा. तोंडातून शब्द नाही. नोटा कुणी विचारत नाही, सगळं मोबाइलवर.

"मुक्यानं भाव करतेत?" मायला ते पटेना. "मंग माल इकत घ्यायची मजा काय?"

आणि तिनं करून दाखवलं. दुकानदार दोनशे म्हणाला. मायनं आधी त्याचं गाव विचारलं, मग आडनाव, मग त्याच्या आजीचं माहेर. ते माहेर आमच्या पाहुण्यांच्या गावाशेजारी निघालं, तेव्हा बांगड्या दीडशेवर आल्या. तो कळवळून म्हणाला, "आत्या, तुमच्याकडून काय कमवायचं!" या नात्यापोटी बायकोनं आणखी दोन डझन घेतल्या, बहिणीनं तीन. पन्नास वाचवायला साडेसातशे लागले. ग्वांगझूच्या कॅल्क्युलेटरला हा हिशेब येणार नाही. क्यूआर कोड मात्र इथंही होता, आणि "भरा" अशा नजरेनं सगळे माझ्या मोबाइलकडं बघत होते.

आंबाजोगाईला काळीपिवळीनं गेलो. काळीपिवळीत सवलत नाही, आणि सीटही नाही; मांडीवरच्या नातवाचे पैसे लागत नाहीत एवढंच. योगेश्वरीचं दर्शन घेऊन चुलत बहिणीकडं जेवायला. धपाटे, दही, ठेचा. खर्च शून्य! मी खूश झालो. निघताना मला टॉवेल-टोपी मिळाली, बायकांच्या ओट्या भरल्या. मग तिची तीन नातवंडं ओळीनं पाया पडायला आली. पाया पडणारं पोर मोकळ्या हातानं उठवायचं नसतं. शंभराच्या तीन नोटा गेल्या. चौथं पोर शेजाऱ्यांचं होतं, पण पाया पडलेलं होतं.

हा सगळा खर्च मी वहीत लिहीत होतो. याच आंबाजोगाईत दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला. माझ्या वहीची पानं संपली तेव्हा मला त्यांची अडचण कळली.

परतीला केज, नेकनूर करत मांजरसुंब्याला आलो. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या. बालाघाटाच्या डोंगरातलं फळ. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. विकणाऱ्या बाईला मानांकनाशी देणंघेणं नव्हतं. "सुटं देत नाही दादा, पाटी घ्या," म्हणाली. पाटी घेतली. सीताफळाचा स्वभाव असा, की चार दिवस दगड, आणि पाचव्या दिवशी पाटीच्या पाटी एकदम पिकते. मग शेजारपाजाऱ्यांना गाठून गाठून द्यावं लागतं. तो पेट्रोलचा खर्च मी वेगळा मांडलाय.

रात्री हिशेब केला. पाच माणसांचा एसटीनं जाण्यायेण्याचा खर्च सगळ्यांत कमी. मी मायला म्हणालो, "माय, खरं तर मला पासष्ट पुरे झाले. तूच सांगतेस ना, पोलिस अ‍ॅक्शनला तू सात वर्षांची होतीस, आणि एकोणिसाव्या वर्षी मी झालो. शाळेत नाव घालताना बापूनं गुरुजींना दोन वर्षं कमी लिहायला लावली, अन् वर तारीख १ जून. नाहीतर आज माझंही हाफ असतं."

माय अंथरुणावर तिकिटं लावत होती. शून्याची दोन, जातानाचं आणि येतानाचं.

"अन् त्या दोन वर्षांपायी नोकरी अठरा साली सुटायची ती वीस साली सुटली," ती म्हणाली. "चोवीस पगार जास्तीचे घेतलेस. तवा गुरुजीला सांगायला गेलतास का?"

मी वही मिटली. चोवीस पगार कुठल्या पानावर मांडायचे, ते मला अजून सापडलेलं नाही.