बोरिवली स्लो, कान्हेरी फास्ट

मुंबईच्या माणसाला प्रवास आवडत नाही, पोचणं आवडतं. अशा माणसाला डॉक्टर सांगतात, रोज पहाटे उठा, कुठेही जायचं नसताना चालत सुटा आणि परत या. त्याने करावं काय? त्याने मॉर्निंग वॉकची लोकल करून टाकली.

खोटं वाटत असेल तर उजाडताना बोरिवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या गेटावर उभं राहा. कागदोपत्री त्याचं नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पण रिक्षावाल्याला ते कुणी सांगत नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात बिबटे, चितळ, सांबर, विहार आणि तुळशी हे दोन तलाव, कान्हेरीची शंभरावर लेणी. एवढा ऐवज परदेशात असता तर आम्ही कर्ज काढून बघायला गेलो असतो. घरापासून दहा मिनिटांवर असल्यामुळे फक्त वजन उतरवायला जातो.

आत जायला रेल्वेसारखाच पास लागतो. आमच्या मजल्यावरच्या वहिनी दोन्ही पास एकाच पाकिटात ठेवतात. मग व्हायचं ते झालं. दादरला त्यांनी घाईघाईत मॉर्निंग वॉकचा पास पुढे केला. टीसी बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, हा बिबट्याला दाखवा. माझ्यासाठी दुसरा काढा."

गेटातून आत शिरलं की गाड्या सुटतात. विरार फास्ट म्हणजे पन्नाशीचे, कोपरं बाहेर काढून चालणारे गृहस्थ. ते थेट कान्हेरीच्या दिशेने जातात, मधे थांबा नाही. रस्त्यात उभं राहून कुणी पक्षी बघत असेल तर त्याच्याकडे ते असे बघतात, जसा विरारच्या गाडीतला माणूस चढलेल्या बोरिवलीकराकडे बघतो. बोरिवली स्लो म्हणजे गुडघे दुखणारी मंडळी. ती प्रत्येक बाकाला थांबते, आणि गाडी किती वेळ थांबणार हे कुणी सांगू शकत नाही. आमचा लेडीज डबा यांच्या मधोमध चालतो. वेग फास्टचा, थांबे स्लोचे. विषय मात्र ठरलेले: कुणाच्या सुनेला वर्क फ्रॉम होम, कुणाची कामवाली गावी गेली, आणि अमुक बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटमध्ये किती स्क्वेअर फूट वाढीव मिळणार. सागाला फुलोरा आलेला असतो, दहिसर नदी पुलाखालून वाहत असते, आणि आम्ही कार्पेट एरियावर असतो.

खरी मुंबई बाकावर दिसते. बाक तिघांचा. चौथा येतो आणि काही न बोलता पुढे उभा राहतो. मग तिघंही खिडकीकडे सरकल्यासारखे एका बाजूला सरकतात. खिडकी नसते, तरी सरकतात. चौथ्याला फक्त एका मांडीपुरती जागा मिळते, तेवढ्यावर तो समाधानाने लटकतो. शेजारचा आख्खा बाक रिकामा असतो, पण त्यावर आपला ग्रुप नसतो.

शहरातल्या बागांत बाकांच्या पाठीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं असतं. आपण हसतो, की बघा, बाक देऊन नाव लावायची हौस! पण ही हौस इथली जुनीच. सहा-सात किलोमीटर चढून कान्हेरीला गेलात तर लेण्यांच्या ओसरीत दगडातच कोरलेले बाक आहेत, पावसाचं पाणी साठवायची टाकी आहेत, आणि भिंतींवर ब्राह्मीत दात्यांची नावं आहेत. कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा कुणी. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणचा माणूस बोरिवलीत देणगी देऊन गेला, तीही दादरला गाडी न बदलता. तिथले बौद्ध भिक्षूही चालायचे. ध्यान म्हणून येरझाऱ्या घालायचे, त्याला चंक्रमण म्हणत. आमच्या विरार फास्टला हे कळलं तर पहिला प्रश्न येईल, किती मिनिटांत?

बिबट्याचं विचाराल तर तो आमच्यातल्या प्रत्येकाने पाहिला आहे, म्हणजे प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे. कुठल्या तरी सोसायटीच्या सीसीटीव्हीत रात्री दोनला कुत्र्यामागे फिरणारा. समोर बिबट्या बघितलेला माणूस मला भेटलेला नाही, पण त्या माणसाच्या साडूला ओळखणारे पुष्कळ भेटले. पार्कातल्या पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला देव मानतात, त्याची पूजा करतात आणि आपापल्या कामाला लागतात. आम्ही फॉरवर्ड करतो.

एकदा नव्याने आलेल्या एक काकू झाडीतून "हो हो, हा हा हा" ऐकून जागीच थिजल्या. त्यांनी ऐकलं होतं की बिबट्या दिसला की वानरं ओरडून इशारा देतात. वानरं नव्हती, हास्यक्लब होता. हा प्रकारही आपल्या उपनगराचाच. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवालातल्या बागेत पाच जणांना घेऊन तो सुरू केला. सुरुवातीला रोज विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरले ते सांगण्यासारखे नव्हते. तेव्हा ठरलं, विनोदाशिवायच हसायचं. मराठी विनोदी लेखकांची रोजीरोटी त्या दिवशी धोक्यात आली, आणि त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही.

हसणं कुणी मोजत नाही, चालणं मात्र पावलांत मोजतात. दहा हजार पावलं! हा आकडा कुठल्या ऋषीने दिला म्हणाल, तर १९६५ मध्ये जपानात एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' होतं. टोकियोचं ऑलिम्पिक नुकतंच झालेलं, लोकांना व्यायामाचा हुरूप आलेला. यंत्र खपलं, आकडा राहिला. आमच्या ग्रुपमधल्या एक बाई रात्री अकराला आकडा अपुरा दिसला की स्वयंपाकघरात ओट्यापासून फ्रीजपर्यंत फेऱ्या मारतात. फ्रीज वाटेत येत असल्याने व्यायामाचा हिशेब कुठे जातो, हे त्यांनाही कळत नाही.

परतीला गेटाबाहेर दोन टोळ्या समोरासमोर उभ्या. एकीकडे कारलं, दुधी आणि गव्हांकुराचा रस. दुसरीकडे सायकलवर इडली-मेदूवडा. शिस्त अशी की आधी सगळ्यांनी कारल्याचा ग्लास नाक दाबून रिकामा करायचा. मग तोंडाचा कडवटपणा जावा म्हणून इडली. इडली एकटी बरी दिसत नाही म्हणून वडा. चटणी उरली म्हणून आणखी एक वडा. "फास्टवाल्यांना दिसलो तर काय म्हणतील?" एकीने विचारलं. मागे वळून बघितलं, तर फास्टवाले आमच्या आधी पोचून फाफडा-जलेबी पार्सल घेत होते. त्यांचं म्हणणं, घरच्यांसाठी. कागद मात्र हातातच उलगडला होता.

मग पाय दुखतात म्हणून हायवेच्या कडेला रिक्षा. स्टेशनकडे म्हटलं की पहिला मान हलवतो, दुसरा बघतही नाही. तिसरा थांबला, आमचे बूट बघितले, गळ्यातला टॉवेल बघितला आणि म्हणाला, "इतना नजदीक? पैदल जाओ ना मॅडम, सेहत के लिए अच्छा है."