निघायच्या बेतातले गृहस्थ

साखर किती आणायची हे घरोघरी खाणाऱ्या तोंडांवरून ठरतं. आमच्या समोरच्या माडीवरचे इस्लामपूरकर ते पंतप्रधानांच्या भाषणावरून ठरवत. २४ मार्च २०२०च्या रात्री एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि जो तो मिळेल ते भरून ठेवू लागला. हे मात्र वाण्यासमोर शांतपणे उभे : "चौदा अप्रैल तक की शक्कर तौल दो. बचनी नहीं चाहिए." वाणी पक्का जबलपुरी. म्हणाला, "काय बड्डे, अब शक्कर की भी तारीख होन लगी?" त्यावर हे माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "उगाच उरवायची कशाला? मी काय, निघणारच."

१४ एप्रिलला मुदत ३ मेपर्यंत वाढली. हे पुन्हा वाण्याकडे. मग १७ मे, मग ३१ मे. सरकारनं टाळेबंदी चार हप्त्यांत लावली, ती ह्यांनी चार पुड्यांत घरी आणली.

बियाण्यांच्या एका कंपनीनं ह्यांना जबलपूरला सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं, त्याला तेव्हा सहा वर्षं होऊन गेली होती. आधारतालचं कृषी विद्यापीठ आणि दमोह नाक्याकडची मंडी, दोन्ही सोयीचं म्हणून गोहलपुरात खोली घेतली. मिळालीही चटकन. "कहाँ के हो बेटा?" असं घरमालकीण खालांनी विचारलं, ह्यांनी "इस्लामपूर" म्हटलं आणि खाला खूश! नाव कळेपर्यंत सामान वर गेलं होतं. सामान म्हणजे एक सुटकेस. सहा वर्षं कपडे तिच्यातच. भिंतीला खिळा नाही, म्हणून कॅलेंडर खुर्चीवर बसवलेलं. पाहुणा आला की कॅलेंडर पलंगावर. चहाचा कप एकच, त्यामुळे मी गेलो की मला कप आणि ते दाढीच्या मगातून घेणार. (तो मग अजूनही दाढीच्या कामाला होता का, हे विचारायचा धीर मला कधी झाला नाही.) जबलपूरचा मे महिना माणसाला भाजून काढतो. पण कूलर घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं : "पुढच्या उन्हाळ्यात मी कुठला इथं?" असे सहा उन्हाळे त्यांनी ओली चादर पांघरून गच्चीत काढले. आमच्या गच्चीवरून ते दृश्य फार काही उत्साहवर्धक नसे.

मुंबईचे आणि कलकत्त्याचे रूळ १८७० साली जबलपूरला येऊन जुळले. ते केवळ आपल्याला इथून सुटता यावं म्हणून, असा ह्यांचा भाव. गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. आणि मार्चमध्ये त्याच गाड्या थांबल्या! रोज सकाळी समोरासमोरच्या गच्च्यांवरून आमचं बोलणं व्हायचं, त्यात गाडीची चौकशी आधी, माझ्या प्रकृतीची मग. जबलपुरात २० मार्चला करोनाचे पहिले रुग्ण सापडले ते दुबईहून आणि जर्मनीहून आलेले. इस्लामपुरात तीनच दिवसांनी सापडले ते सौदीहून आलेले. पण तिकडची साथ दोन डझनांवर जाऊनही एप्रिलमध्येच आटोक्यात आली, तेव्हा ती जणू ह्यांनीच माडीवरून आवरली. "आमच्याकडं शिस्त असते हो," ते म्हणाले. ५ एप्रिलला पंतप्रधानांच्या सांगण्यावरून रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावायचे होते, तर ह्यांनी अर्धी मेणबत्ती लावली आणि घड्याळ बघून विझवली. उरलेल्या तुकड्याचं पुढं काय करायचं, ही काळजी मात्र चेहऱ्यावर दिसत होती.

आता नाइलाजानं एक सांगतो. बी-बियाण्यांच्या कामाला सवलत होती, त्यामुळे गल्लीत पास असलेली मोटारसायकल ह्यांचीच. तिच्यावरून त्यांनी सगळ्यांची औषधं आणली. खालांचं इन्सुलिन, आमच्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पोराचा पंप. आणि आणली ती महिन्या-महिन्याची! "लागतील हो, तुम्हाला इथंच राहायचंय," असं म्हणत ते पिशवी फाटकाला अडकवून जायचे. रमजानात खाला इफ्तारची थाळी वर पाठवायच्या. थाळी रिकामी परत कशी द्यायची? घरात तर काहीच जास्तीचं नाही. शेवटी त्यांच्या आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी निघाली. रोज थाळीच्या कडेला एक चमचा. ईदपर्यंत बरणी रिकामी, आणि खालांच्या नातवाला तिखटाची सवय लागली ती कायमची.

१ जूनला गाड्या सुरू झाल्या. इस्लामपूरकरांनी तिकीट काढलं, सुटकेसचा पट्टा आवळला (आत सगळं होतंच) आणि गच्चीवरून घरी फोन लावला. आमच्या बाजूला ऐकू येत होतं ते एवढंच : "हो... शाळेत चौदा दिवस, चालेल की... नाही, ताप नाही मला... कोण म्हणतंय गल्लीत?... बरं. नाही, बरोबरच आहे तुमचं. आईला त्रास नको... बघू पुढं."

तिकीट रद्द झालं. दोन दिवस ते गच्चीवर दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुसकं लावून आमच्या फाटकाशी आले आणि आत न येता विचारलं, "तुमचे आजोबा इथं कधी आले हो?"

"१९४२ला. गन कॅरेज फॅक्टरीत. लढाई संपली की परत जायचं म्हणून."

ते बराच वेळ आमच्या पेरूच्या झाडाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आधारतालकडं प्लॉटचा काय भाव चाललाय? सहज विचारतोय."

मी सांगितला.

"फार आहे. आमच्याकडं एवढ्यात बागायत येते." आणि चार पावलं गेल्यावर मागं वळून, "कोपऱ्यावरचा आहे का?"