दिवाडीची शांतता

म्युनिकच्या उत्तरेला, विमानतळाकडे जाणाऱ्या एस-१ गाडीच्या मार्गावर उंटरश्लाइसहाइम आहे. तिथे रविवारी दुकानं बंद, ड्रिल बंद, गवत कापायचं यंत्रही बंद. आपली मराठी मंडळी याला 'स्मशानशांतता' म्हणतात. मग सुट्टीत भारतात येतात आणि शांतता शोधायला गोव्यात दिवाडी बेटावर जातात.

जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी. बेटावर यायला पूल नाही, हेच तिचं मोठं भाग्य. बोटीत चढण्याआधीच ब्लूटूथ स्पीकर सुरू होतो. "इथे किती शांत आहे ना!" हे वाक्य त्या आवाजावर मात करून ओरडावं लागतं. आजी डब्यातली पुरणपोळी उघडते, नातू जर्मनमध्ये "कंटाळा आला" म्हणतो.

मग 'हेरिटेज'. पोर्तुगीज घराच्या पिवळ्या भिंतीला टेकून फोटो. आतला म्हातारा खिडकी लावून घेतो, तर फ्रेम आणखी छान दिसते म्हणतात! टेकडीवर पिएदाद चर्च, पुन्हा फोटो. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं, पोर्तुगीजांनी ते पाडलं. देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. पण पाडलेल्या देवळापुढे सेल्फी कसा काढणार? वारसा तोच, जो उभा आहे आणि ज्याला रंग दिलाय.

नार्व्याला जायचं का, असं आजी विचारते. "पुढच्या वेळी," जावई म्हणतो, "आता पणजीत बीच-शॅकचं टेबल बुक आहे."